मळ्याबाहेरची हाळी

"सूनबाई, पोरगी मळ्याबाहेर हाळी घालती. घालू नगा दिऊ तिला."

दत्तोबा तात्या असं म्हणाले तेव्हा हेमा चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. तात्या शेजारच्या मळ्याचे. खुरपं परत द्यायला आले होते आणि एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून दारातच उभे होते.

"हाळी म्हंजी गाणं न्हवं," ते म्हणाले. "राखणीच्या माळ्यावर चढलं की घालायची, उतरलं की मिटायची. अंगणात उभं राहून घातली तर ऐकणारानं काय समजायचं?"

"लहान आहे हो तात्या. घालू दे की. तोंड उघडतेय तेच पुष्कळ आहे."

"मग बगा तुमी," असं म्हणून त्यांनी खुरपं भिंतीला टेकवलं आणि खाकरत निघून गेले.

तव्यावरची भाकरी फुगली. बाहेर धुण्याच्या दगडावर चढून शालू कालव्याकडं तोंड करून उभी होती. सातवं वर्ष लागलेली पोर, दोन वेण्या, एका रिबिनीचा पत्ता नाही. तिनं छाती भरून घेतली आणि सोडली. आधी पोटातून, दबकत, हो हो हो. मग चढत चढत हाऽऽ रंऽऽ. आणि अगदी शेवटी, आवाज तुटायच्या बेताला, वर एक बारीक टोक. ते टोक धुक्यात शिरलं आणि बराच वेळ आतच फिरत राहिलं. हेमाचे हात पिठात थांबले. तात्यांना काय कळतंय, तिला वाटलं. ही अशीच हाळी घालत राहू दे, सगळ्या हडपसरला ऐकू जाऊ दे.

असं वाटायला कारण होतं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत शालू शाळेत एक अक्षर बोलली नव्हती.

शाळा कालव्याच्या पलीकडं, नव्या इमारतीत. निम्मी पोरं गावातली, निम्मी नव्या सोसायट्यांमधली. पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या बाईंनी विचारलं, पाटी कुठाय, आणि शालू म्हणाली, "घरी हाय." वर्ग हसला. दुष्टपणानं नाही, कुणी शिंकल्यावर हसतात तसा. पण शालूनं ते घरी येऊन सांगितलं, आणि हेमानं तिला त्याच संध्याकाळी पुढ्यात घेतलं. हेमा बी.ए. झालेली, बारामतीकडून सून होऊन इथं आलेली. "हाय नाही, आहे. म्हण, आहे. समदी नाही, सगळी." रोज संध्याकाळी, केसांना तेल लावून वेणी घालावी तितक्याच मायेनं ती पोरीचे शब्द विंचरत बसायची. त्यातून पोर एकच गोष्ट शिकली, की आपल्या तोंडात जे आहे ते सगळं चुकीचं आहे. तिनं तोंडच मिटलं. आजीशी तेवढी बोलायची, आणि हेमा जवळ आली की तेही थांबायचं.

वर्गाच्या बाईंनी बोलावून घेतलं. "मुलगी हुशार असेलही. पण मला कळावं कसं? डोक्यात डोकावून बघू का मी तिच्या? वाचून दाखवत नाही, पाढे म्हणत नाही. मार्चपर्यंत असंच चाललं तर पुन्हा याच वर्गात बसवावं लागेल."

हेमानं खांद्यावरच्या तान्ह्याला थोपटत मान हलवली. गिरणीत दळण टाकायला गेली तर रांगेतली सोजरबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरीला वाचा हाय न्हवं गं? तपासून घ्या एकदा." हेमा हसली. पिठाचा डबा तिनं झाकण न लावताच डोक्यावर घेतला, आणि वाटभर पीठ कपाळावर सांडत राहिलं.

*

मळा दोन एकरांचा. एके काळी चारी दिशांना ज्वारीच होती म्हणे. आता एका अंगाला कारखान्याची भिंत, दुसऱ्या अंगाला रोवलेल्या दगडांचे प्लॉट, तिसऱ्या अंगाला एका सोसायटीचा अर्धवट सांगाडा, ज्याच्या खिडक्यांतून नुसतं आभाळ दिसायचं. दाणे धरलेली ज्वारी उरली ती यांची आणि तात्यांची. थंडी पडली की उत्तरेकडून भोरड्या येतात, दाण्यावर पडणारी पाखरं, हजारांनी. पूर्वी त्या गावभर वाटल्या जायच्या. आता आभाळातून त्यांना दोनच पानं वाढलेली दिसत होती. सकाळच्या धुक्यातून थवा यायचा तो धुरासारखा, वळायचा, पातळ व्हायचा, पुन्हा दाट व्हायचा, आणि कुणी चादर झटकून अंथरावी तसा कणसांवर उतरायचा.

नवरा, जयसिंग, कारखान्यात पहिल्या पाळीला. म्हणून राखण सासूकडं. मथुराबाई भोंग्याच्या आधी उठायच्या, पदर कानावरून घट्ट बांधायच्या, गोफण खांद्यावर टाकून मळ्यात जायच्या आणि माळ्यावर चढून बसायच्या. चार मेढींवरचा तो माळा दर पावलाला कुरकुरायचा. त्या हाळी घालायच्या, पलीकडच्या माळ्यावरून तात्या जाब द्यायचे. भोरड्या उठायच्या हे एक, आणि माणूस जागेवर आहे हे कळायचं हे दुसरं. मळ्यात काय वाटेल ते होतं. साप निघतो, चक्कर येते, पाय सरतो. हाळी आली नाही की शेजारी हातातलं टाकून बघायला निघायचा. कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण तसंच होतं. हेमाही घरी म्हैस धुताना, बाळाला पाजताना एक कान तिकडं ठेवून असायची. हाळी आली की तिच्या हाताला पुन्हा वेग यायचा.

गाण्याच्या सुनीतीबाई शहरातून बसनं यायच्या. राहायच्या मंडईच्या मागं, एकट्याच. चाळिशीच्या पुढच्या, कडक इस्त्रीचं सुती पातळ, जाड चष्मा, हातात बारमाही छत्री. शाळेच्या पेटीतली एक पट्टी दाबली की वर यायची नाही. ती त्या दर वेळी नखानं उचलायच्या आणि पुढं गायच्या. दिवाळीनंतर एक दिवस शाळा सुटल्यावर त्या शालूच्या मागोमाग घरापर्यंत आल्या.

"मी शालूच्या गाण्याच्या बाई," त्या अंगणात उभ्या राहून म्हणाल्या. "म्हणजे ती गात नाही. पण मी बाई आहे."

हेमानं गडबडीनं घोंगडं झटकून अंथरलं. बाई बसल्या नाहीत.

"घरी काय गाते ही?"

"काही नाही," हेमा म्हणाली. तिचा चेहरा तापला. "रेडिओ लावते मी. पण ती…"

तेवढ्यात मळ्याकडून हाळी आली. दप्तर टाकून शालू कधीच आजीकडं पळाली होती. हो हो हो, हाऽऽ रंऽऽ. सुनीतीबाईंनी मान तिरकी केली. छत्रीचं टोक हळूच जमिनीवर टेकवलं.

"हे कोण?"

"आजी-नात पाखरं हाकतायत," हेमा घाईनं म्हणाली. "गाणं नाही ते."

तोवर बाई बांधावर पोचलेल्या होत्या.

मथुराबाईंनी माळ्यावरून खाली पाहिलं. शालू आजीच्या मागं लपली. "कोण वो तुमी? कुटुंबनियोजनवाल्या असाल तर उशीर झाला."

"मी शाळेत गाणं शिकवते. आपण आत्ता जे केलंत ते मला शिकवाल का?"

"तुमास्नी कशापायी? तुमच्या पेठंत भोरड्या येत्यात व्हय?"

"नळाला पाणी आलं की येतात," बाई म्हणाल्या.

मथुराबाई अशा हसल्या की माळा हलला. मग बाईही वर चढल्या. त्यांचं पातळ शिडीच्या कामटीत अडकलं, ते हेमानं खालून सोडवलं. वर उभं राहून बाईंनी चष्मा सावरला आणि हाळी घातली. सुरेल, गोल, नीट घडी घातलेली. भोरड्या जागच्या हलल्या नाहीत.

"असं पंगतीला बोलावत्यात," मथुराबाई म्हणाल्या. "हाकला त्यांस्नी."

बाईंनी पुन्हा घातली. पलीकडून दत्तोबा तात्यांचा आवाज आला, "मथुराबाई, कोण गेलं गं?"

शालू हसली. आवाज करून, दात दाखवून. हेमानं कितीतरी दिवसांनी ते ऐकलं. ती ज्वारीच्या ताटांत उभी होती. वर तिघींची डोकी, त्यामागं मावळतीचा पिवळा उजेड, आणि त्या उजेडात लाखभर ठिपके वर खाली. तिला वाटलं, हे झोपेत बघतोय आपण, कुणी हलवू नये.

*

पुढच्या आठवड्यात बाईंनी हेमाला गाण्याच्या तासाला बोलावलं. ती बाळाला घेऊन वर्गाच्या दाराशी उभी राहिली. बाईंनी पेटी मिटली.

"आजपर्यंत मी माझा सा तुम्हाला देत होते, आणि तुम्ही तो घ्यायचा म्हणून घेत होतात. आज शालू तिचा देणार आहे."

शालूनं मान खाली घातली. पोरं वळून बघायला लागली. बाई शालूपाशी गेल्याच नाहीत. त्यांनी कालव्याकडची खिडकी उघडली आणि बाहेर बघत म्हणाल्या, "आम्हाला सांगू नकोस. तिकडं आजीला सांग."

वर्गात थंड वारा आला. शालू उठली, खिडकीपाशी गेली, गज धरले. आणि तिनं हाळी घातली. पहिल्या हो ला कुणीतरी खिदळलं. वरचं टोक गेलं तेव्हा वर्ग गप्प होता. मग कालव्यावरून, पाण्यावरून, बारीक धाग्यासारखा आजीचा जाब आला.

बाईंनी पेटी उघडली. या पट्टीवरून त्या पट्टीवर बोट फिरवत त्यांनी शालूचा पहिला हो शोधून काढला. तो एका काळ्या पट्टीवर निघाला. "हा शालूचा सा. आज सगळे इथून गाणार."

त्यानंतर दर तासाला नवा सा निघायला लागला. मंडईत भाजी घेऊन बसणाऱ्या एका बाईची मुलगी होती, तिनं आईची आरोळी आणली. सोसायटीतला एक मुलगा, त्याची आई देवापुढं कानडीत काही म्हणायची, त्यानं ते आणलं, लाजत, अर्धंच. बाई प्रत्येकाचा आवाज पेटीवर शोधायच्या आणि विचारायच्या, आज कुणाचा सा? पोरं हात वर करून बाकांवरून उठायची. शालूही उठायची. एकदा घरी येऊन ती हेमाला म्हणाली, "आई, त्या कानडीच्या सा ला माझा आवाज पोचतच न्हाई." हेमानं 'नाही' म्हण, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

पौष लागला. सव्वीस जानेवारीला बाई या सगळ्या हाकांचं गाणं बसवणार होत्या. सुरुवात शालूची. निम्म्या वर्गानं हाळी घालायची, निम्म्यानं जाब द्यायचा, पुन्हा हाळी, पुन्हा जाब, चढत चढत. रोज सकाळी व्हरांड्यात तालीम. पोरांचे पन्नास-साठ गळे आणि उघडा माळ. आवाज मळ्यापर्यंत यायचा तो खुद्द मळ्यातलाच वाटायचा. मथुराबाई माळ्यावर खूश. मधूनमधून त्याही आपला जाब ठेवून द्यायच्या. शालू घरी धुण्याच्या दगडावर चढून तालीम करायची. तात्या खुरपं द्यायला आले ते याच दिवसांत.

*

खडकवासल्याचं पाणी उशिरा का होईना, सुटलं होतं. कालवा काठोकाठ. त्या सकाळी पाण्याची वाफ आणि धुकं एक होऊन असं बसलं होतं, की अंगणातून गोठा दिसेना. मथुराबाई कधीच मळ्यात गेल्या होत्या. शालू शाळेत, जयसिंग कामावर. बाळ रात्रभर कुरकुरलेलं, ते आत्ता कुठं झोळीत निजलं होतं. हेमानं धुणं काढलं.

हाळी येत होती. मागोमाग जाब येत होता. पुन्हा हाळी. हेमा कपडे आपटत होती त्या लयीतच ते चाललं होतं. दगड ओला, हात बधिर, तोंडातून वाफ. धुकं मधेच एका जागी फाटलं आणि तिला मळ्यावरचं आभाळ दिसलं. थवा आला, वळला आणि उतरला. ती पुढचा कपडा पिळायला वाकली. सरळ झाली तेव्हाही थवा खालीच होता.

ती हातात पिळा धरून उभी राहिली. भोरड्या उठत नव्हत्या. दुसरा थवा आला, तोही उतरला. पण हाळी तर चालूच होती. सासूबाईंचीच चाल, तीच चढण, तेच टोक. आज फार धीट झाल्यात मेल्या, असं ती स्वतःशीच म्हणाली. पिळा झटकला, दोरीवर टाकला. हाळी आणखी मोठी झाली. जाबही मोठा झाला. तिचं काळीज उगाच लागून राहिलं होतं. ते असं सारखंच लागतं, जयसिंग तिला त्यावरून हसतो, म्हणून तिनं दुसरा कपडा उचलला.

आणि हाळी थांबली. संपली नाही, चढता चढता, अर्ध्यावर.

धुक्यात काहीच उरलं नाही. कालव्याची सळसळ, थेंब, आणि मळ्याच्या अंगानं भोरड्यांची कचकच, हजार चोचींची, जणू कुणी घाईघाईनं सूप पाखडतंय. हेमानं वाट पाहिली. माळ्यावरून काही आलं नाही. तिला एकदम कळलं, की मगापासून त्या बाजूनं काहीच येत नव्हतं; येत होतं ते सगळं कालव्यापलीकडून.

झोळीतून बाळ उचलून ती धावत सुटली. वाटेत तात्या भेटले, त्यांच्या बांधावरून तेही उड्या टाकत येत होते, धोतर गुडघ्यावर धरून. ते शिरले तशा भोरड्या एका अंगानं उठल्या, आणि त्या उठण्याच्या वाऱ्यानं धुकं ढवळलं.

मथुराबाई माळ्याच्या बुडाशी सरीत पडल्या होत्या, कुशीवर. एक पाय नको तिकडं वळलेला. शिडीची वरची कामटी मोडून शेजारी पडली होती. दवानं लुगडं भिजून अंगाला चिकटलं होतं, ओठ निळे, पदर कानावरून सुटलेला. वरच्या कणसांतून कोंडा त्यांच्या तोंडावर गळत होता, आणि त्या डोळे उघडे ठेवून तो बघत होत्या.

"आत्या!" हेमा गुडघ्यावर बसली.

"किती येळ," मथुराबाई म्हणाल्या. आवाज पानांच्या सळसळीइतका. "किती येळ तुमचं भजन चाललंय. म्या घालत हुते. तुमच्यात बुडतंय."

तात्यांनी डोक्याचं मुंडासं सोडून त्यांच्या अंगावर पसरलं. ते म्हणाले, "मला वाटलं तूच हायस, मथुराबाई. म्या जाब देत बसलो."

लोखंडी पुलावरून पावलं वाजली. पुढं शालू, तिच्यामागं सुनीतीबाई, पातळ पोटऱ्यांपर्यंत वर, चपला हातात, चष्म्यावर वाफ. काय झालं होतं ते बाईंनी हेमाला नंतर, टेम्पोची वाट पाहताना सांगितलं. तालीम ऐन रंगात आली होती. शालू पुढं उभी. ती मधेच गप्प झाली आणि कालव्याकडं बघायला लागली. "बाई, आजीचा जाब आला न्हाई." बाईंना वाटलं, आवाज पोचत नसेल. त्या म्हणाल्या, "मग मोठ्यानं घालू या." आणि सगळ्यांनी मोठ्यानं घातली. शालूनं पुन्हा सांगितलं, पुन्हा कुणी ऐकलं नाही. तेव्हा ती पायरीवर चढली, आणि ज्या पोरीनं दिवाळीपर्यंत एक अक्षर काढलं नव्हतं तिनं अख्ख्या वर्गाला सांगितलं, "गप बसा समदी."

"मी पण गप्प बसले," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. "तिनं कान दिला, आणि पळाली."

*

मथुराबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातून त्या परतल्या त्या बाजेवरच. आता माळ्यावर चढणं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मथुराबाईंनी त्यांना विचारलं, "मग काय भोरड्यांस्नी खाली बोलावू?"

जयसिंगचा चुलतभाऊ सर्जेराव, गावात वजन असलेला माणूस, शाळेत गेला. हेमालाही ओढून नेलं. शालू तिचं बोट धरून होती. मुख्याध्यापकांच्या खोलीत सर्जेराव टेबलावर हात टेकवून उभा राहिला. "बाईंना गाणं शिकवायला ठेवलंय का पाखरं राखायला? आमच्या म्हातारीचा जीव गेला असता. पोरांस्नी चांगलं गाणं शिकवा, देशभक्तीचं. रानातलं रानात ऱ्हाऊ द्या."

सुनीतीबाई भिंतीशी उभ्या होत्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या.

"बाईंची न्हाई," शालू म्हणाली.

"तू गप बस."

"न्हाई बसणार."

खोलीत कुणीतरी हसू दाबलं. सर्जेरावच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हेमाला बोलायचं होतं. दारात उभं राहून बजावून गेलेल्या तात्यांचं सांगायचं होतं, ओल्या कपड्याचा पिळा हातात धरून आपण काय बघत उभे होतो ते सांगायचं होतं. तिनं तोंड उघडेपर्यंत बाईंनी छत्री उचलली होती. व्हरांड्यातून त्यांची पाठ जाताना दिसली, ताठ, इस्त्रीची. त्यानंतर त्या शाळेत आल्या नाहीत. आधी रजा, मग राजीनामा. सव्वीस जानेवारीला पोरं टेपवरच्या गाण्याबरोबर तोंडं हलवून आली.

शालू मात्र थांबली नाही. ती वाचते, पाढे म्हणते, शेजारणीचे पाढेही म्हणते. वर्गाच्या बाई परवा हेमाला म्हणाल्या, "वर जाईल हो ती वर्गात. आता गप्प कशी करायची तेवढं सांगा." शालू शाळेत आहे म्हणते, मळ्यात हाय म्हणते, आणि कधी उलट. हेमा ऐकते.

राखण आता हेमाकडं. माळ्याची शिडी जयसिंगनं नवी केली. खाली मेढीला बाळाची झोळी, वर ती, गोफण हातात, जी तिला अजून नीट फिरत नाही. गोफणगुंडा कधी कधी मागंच जातो. पहिल्या दिवशी हाळी घालताना तिला लाज वाटली. इकडंतिकडं बघून, पदराआड घातल्यासारखी घातली. पलीकडून तात्यांनी जाब दिला, जरा वेळानं, पूर्ण. मग दोघंही गप्प बसले. धुक्यात ते गप्प बसणं तिला दोरीसारखं वाटलं, एक टोक तात्यांकडं, एक तिच्याकडं.

बाजेवरून मथुराबाई रोज एकच विचारतात. "ती बाई आली का?"

"नाही आत्या."

"तिचं काय चुकलं न्हाई. हाळी शिकवली म्या, आन हाळीनंतर गप बसून कान द्यायचा, ते सांगायचंच ऱ्हायलं. तिला बोलवा. ऱ्हायलेलं सांगते."

हेमानं दोन पत्रं टाकली. बस कंडक्टरकडे निरोप दिला. शाळेच्या शिपायाला विचारलं, तो शहरात जातो; तो म्हणाला, बाई घरच्या शिकवण्यासुद्धा घेत नाहीत म्हणे आता, तंबोरा गवसणीत घालून ठेवलाय, भेटायला गेलं तर दार अर्धंच उघडतात आणि बरं आहे म्हणतात. हेमाला त्या अर्ध्या दाराची धास्ती वाटते. तिला जाता येत नाही. बाजेवर सासूबाई, झोळीत बाळ, डोक्यावर भोरड्या.

म्हणून तिचं तुमच्यापाशी एक मागणं आहे. तुम्ही मंडईत जातच असाल, भाजीला, फुलांना, कशालाही. तिथून मागं वळलं की लाकडी जिन्याची एक इमारत आहे, खाली छत्र्या दुरुस्त करणारा बसतो, दुसऱ्या मजल्यावर सुनीतीबाई राहतात. एकदा जाऊन या. जेवतात का ते बघा, चेहरा बघा, गाण्याचं काही काढू नका. 'बरं आहे' म्हणाल्या तर लगेच परत फिरू नका. पाणी मागा, बसा. मग सांगा, हडपसरहून मथुराबाईंचा निरोप आहे, उशिरा पेरलेली ज्वारी हुरड्याला आलीय, खायला या. चार दिवसांत दाणा कडक होईल, थांबायचा नाही. शालू रोज शाळा सुटली की लोखंडी पुलावर उभी राहते, आणि शहराकडून येणारी प्रत्येक बस पूर्ण रिकामी होईपर्यंत बघते.